एक्केचाळीस सेकंद

"का थांबलीस?"

"मी? मी कुठे थांबले?"

ट्रॉली ढकलणारी मुलगी इतक्या निर्मळ चेहऱ्याने बोलली, की घड्याळबाईंना आपल्याच डोळ्यांची शंका आली. पण ती थांबली होती. गोडाऊनमधल्या रॅकांच्या चौदाव्या गल्लीच्या तोंडाशी, दोन्ही हात दांड्यावर, मान डावीकडे किंचित कललेली, नजर खाली. मग कुणीतरी 'जा' म्हटल्यासारखी तिने मान हलवली होती आणि ट्रॉली पुढे गेली होती.

"मॅडम, पाळीला पाच ट्रॉल्या भरायच्या असतात मला. एकेका ट्रॉलीत शंभर जिन्नस. थांबायला सवड कुणाला आहे?"

"बरं, जा."

तिच्या मागून चष्मेवाला आला. तोही तिथेच थांबला, तशीच मान कलती करून. त्याच्यामागे एक जाडगेला गृहस्थ, तोंडाने गाणं गुणगुणत. गल्लीशी येताच गाणं बंद. मग पुन्हा सुरू, जिथे तुटलं होतं तिथूनच.

डावीकडे पाहण्यासारखं काहीही नव्हतं. एक कोरी भिंत होती आणि भिंतीलगत जमिनीवर एक चौकोन, बाकीच्या फरशीपेक्षा कमी झिजलेला.

घड्याळबाईंनी वहीत आकडे मांडले. अडतीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, चाळीस. सरासरी काढली, एक्केचाळीस आली. रोज साठ ट्रॉल्या, आणि बाहेर पडायची वाट एकच, या गल्लीतून. एक थांबली की मागच्या साऱ्या खोळंबणार. साठ गुणिले एक्केचाळीस. सकाळचा माल रोज चाळीस-एक मिनिटं उशिरा का निघतो, याचं उत्तर पहिल्याच दिवशी हाती आलं होतं. तरीही त्यांना नेहमीसारखा आनंद झाला नाही.

घड्याळबाई हे नाव त्यांना कामगारांनीच ठेवलेलं. तीस वर्षांपूर्वी पहिल्या कारखान्यात मागून हळूच कुणीतरी म्हटलं, ते गावोगाव त्यांच्या आधी पोचायला लागलं. काम तसंच होतं. माल तयार झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जिथे जिथे वेळ सांडतो, तिथे जाऊन उभं राहायचं, मोजायचं आणि गळती बुजवायची. शीतगृहात त्यांनी दार उघडायची दिशा बदलून दिवसाचा तास वाचवला होता. बंदरावर कागदावरच्या चार सह्यांची एक केली होती. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात चहासाखरेचे डबे शेगडीजवळ आणून नवऱ्याची अकरा पावलं वाचवली होती, आणि नवरा तेव्हापासून चहा घेऊन अकरा पावलं उगाचच गॅलरीपर्यंत चालत जायचा. "शिल्लक आहेत, खर्च करतोय," म्हणायचा.

आता निवृत्तीला चार महिने उरले होते. औषधांचं हे गोडाऊन बहुधा शेवटचंच. इथून आसपासच्या साऱ्या दवाखान्यांना रोज सकाळी माल जायचा. निळे क्रेट, एका ट्रॉलीवर एक, एका क्रेटमध्ये एका दवाखान्याचा माल.

"कामचुकारपणा आहे, दुसरं काय!" मॅनेजर म्हणाला. तरुण होता, बोलताना सारखा खुर्चीत गोल फिरायचा. "तीन वर्षं हे दुखणं आहे. म्हणून तर मी सरकता पट्टा बसवून घेतलाय. माल पट्ट्यावर टाकायचा, थेट ट्रकपाशी. चालायचं नाही तर थांबणार कुठे? गुरुवारी चाचणी. तुम्ही फक्त वेळ मोजून सही द्यायची."

"ते का थांबतात, हे नको बघायला?"

"मॅडम, दात किडला की का किडला विचारत बसायचं, की उपटायचा?"

घड्याळबाई वॉचमनच्या खोलीत गेल्या आणि कॅमेऱ्याचं जुनं चित्रण मागितलं. पडद्यावर माणसं भराभर येत होती, थांबत होती, जात होती. बारा माणसं आणि एकच ढब. बाईंना शाळा आठवली. गुरुजींच्या टेबलाशी वही तपासून घ्यायला उभी राहिलेली मुलं अशीच मान कलती करायची. बारांतली सात तर गेल्या वर्षभरात कामाला लागलेली.

"तुम्हाला हे कधी दिसलं नाही?" त्यांनी विचारलं.

"दिसलं ना." वॉचमन पडद्याकडे न बघता बोलला. "आधी गंमत वाटली. मग एकदा ही काच काळी झाली, तेव्हा माझा चेहरा दिसला तिच्यात. माझीही मान तशीच होती. तेव्हापासून चौदा नंबर मी बघत नाही, मॅडम. रागावू नका."

दुपारी त्यांनी मुकादमाला गाठलं. सगळ्यांत जुना माणूस, गोडाऊनची पहिली वीट रचली तेव्हापासूनचा. पालथ्या क्रेटवर बसून तो डबा खात होता.

"तिथे टेबल होतं," त्याने घास गिळून सांगितलं. "बोटमावशीचं."

"कोण बोटमावशी?"

मुकादमाने डब्याचं झाकण लावलं. "खरंच आठवत नाही? तपासनीस होत्या. प्रत्येक क्रेट उघडायच्या आणि पाकिटापाकिटाला बोट लावून बघायच्या. सव्वीस वर्षं तेच. तुम्हीच काढायला लावलंत ना ते टेबल. अकरा वर्षं झाली."

घरी आल्यावर घड्याळबाईंनी कपाटातले जुने अहवाल काढले. या शहरात आपण एकदा येऊन गेलो होतो हे आठवत होतं; गोडाऊनं मात्र सारी सारखीच दिसतात. बारावं पान. अक्षर त्यांचंच. 'चौदाव्या गल्लीतील तपासणी: दर क्रेटमागे सरासरी एक्केचाळीस सेकंद. सहा महिन्यांत सापडलेल्या चुका: तीन. स्कॅनर घेतल्यास ही पायरी अनावश्यक. टेबल हलवावे.'

"काय झालं?" नवरा दारात उभा होता. "तोंड का असं?"

"काही नाही. एका बाईशी बोलले होते, ती आठवत नव्हती."

"आणि आता?"

आता आठवत होती. बुटकी, निळा कोट, उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक घासून गुळगुळीत झालेलं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली होती, "बाई, मी पकडल्या तेवढ्या चुका तुम्ही लिहिल्यात. पुढे मी बसलेय म्हणून ज्या झाल्याच नाहीत, त्या कुठे लिहिणार?" घड्याळबाईंनी कागद पाहिला होता. तसा रकाना नव्हता. त्या हसल्या होत्या आणि पुढच्या गल्लीत गेल्या होत्या.

"तिला काय उत्तर दिलंस?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. घाईत होते."

नवऱ्याने अहवाल मिटून बाजूला ठेवला. "तू घाईत नव्हतीस असं कधी होतं?" तो म्हणाला, पण मऊ आवाजात.

दुसऱ्या दिवशी मुकादमाकडून पत्ता घेऊन त्या निघाल्या. 'वारली असेल तर?' असं जिना चढताना मनात येत होतं, आणि खरं सांगायचं तर ती वारलेली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. मेलेलं माणूस जागा सोडत नाही, अशा गोष्टी जगात चालत आल्या आहेत. अशा प्रकाराला निदान भूत हे नाव तरी आहे.

दार सुनेने उघडलं. घरीच शिवणकाम करणारी, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. "गोडाऊनमधून आलात? या की. आई आहेत, पण बोलतीलच असं नाही. तीन वर्षं झाली, काही लक्षात राहत नाही त्यांच्या. पोटचा मुलगा समोर आला तर 'कोण पाहिजे?' विचारतात."

तीन वर्षं. घड्याळबाईंनी मनात नोंद केली.

खिडकीशी जेवणाचं टेबल होतं. टेबलाशी म्हातारी ताठ बसली होती. अंगात तोच निळा कोट, धुऊन धुऊन विटलेला. समोर रिकामं लाकूड. त्या रिकाम्या लाकडाच्या वर तिने दोन्ही हातांनी काहीतरी उघडलं, आणि उजवी तर्जनी टेकवत नेली. एक, दुसरं, तिसरं. ओठ हलत होते. शेवटी तिने मान हलवली. "जा." मग पुन्हा उघडलं.

"सकाळी सातला बसतात, तीनला उठतात," सून म्हणाली. "मधे अर्धा तास जेवण. रविवारी हात लावत नाहीत. कोट घातल्याशिवाय खुर्चीवर टेकत नाहीत. मी आधी रडायचे, आता सवय झाली. कधी कधी 'परत' म्हणतात, एकदम ठणकावून. मग पुढचं उघडायला वेळ लावतात."

घड्याळबाईंनी मोजलं. मोजायचं नव्हतं, पण तीस वर्षांची खोड. एक्केचाळीस.

त्या पॅसेजमध्ये गेल्या आणि मुकादमाला फोन लावला. "चौदाव्या गल्लीशी उभे राहा. ट्रॉली थांबली की सांगा, निघाली की सांगा. दुसरं काही बोलू नका."

"थांबली," मुकादम म्हणाला.

खोलीत म्हातारीने झाकण उघडलं होतं. तर्जनी फिरत होती. शिवणयंत्र बंद होतं, घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. म्हातारीची मान हलली. "जा."

"निघाली," फोनमध्ये मुकादम म्हणाला.

पुढची. तिच्यापुढची. पाचव्या ट्रॉलीला घड्याळबाईंनी फोन बंद केला. त्या टेबलाजवळ गेल्या.

"मावशी, मला ओळखलंत?"

म्हातारीने वर पाहिलं नाही. "बोलू नका. मोजताना चूक होते."

हे वाक्य स्वतः त्यांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल! त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने सुनेने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं, आपलीही मान डावीकडे कललेली आहे.

सुनेला त्यांनी आपला नंबर दिला. "गुरुवारी सकाळी त्यांच्याजवळच बसाल? काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा."

"वेगळं म्हणजे?"

"ते मलाही माहीत नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी मॅनेजरला गाठलं. पट्टा पुढे ढकला, आधी तिथे तपासणी पुन्हा सुरू करू, इतकंच सांगितलं. म्हातारीबद्दल बोलण्याचा धीर झाला नाही. मॅनेजरने खुर्ची फिरवायची थांबवली. "मॅडम, तुमचाच जुना अहवाल वाचून मी हे सगळं केलंय. तुम्ही तेव्हा बरोबर होतात की आता?"

त्यांनी वही मिटून पर्समध्ये ठेवली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता पट्टा सुरू झाला. गुळगुळीत काळं रबर, त्या चौकोनावरूनच जाणारं. क्रेट एकामागून एक सरकायला लागले. कामगार दोन्ही बाजूंना उभे होते. काही टाळ्या वाजवत होते. थांबायला कुणी नव्हतंच. दोन क्रेटमध्ये पाच सेकंद. मॅनेजरचा चेहरा फुलला होता.

बाराव्या क्रेटला फोन वाजला.

"बाई, आईंना काहीतरी होतंय." सुनेचा आवाज फाटला होता. "हात नुसते पळतायत त्यांचे. कोण मागे लागल्यासारखे. उघडतायत न उघडतायत तोच पुढचं. घाम फुटलाय. मी हात धरले तर मला ढकललं. ऐंशी वर्षांच्या बाईने ढकललं मला!"

"काय म्हणतायत?"

"थांबा, ऐकते. 'थांबा, थांबा, बघितलं नाही' म्हणतायत. आई, अहो आई, पुरे!"

समोरून क्रेट जात होते. पंधरा, सोळा. फोनमधून धाप ऐकू येत होती, फाटक्या भात्यासारखी. मग ती धाप तोडून एक स्पष्ट, खणखणीत आवाज आला, सुनेचा नव्हे.

"परत! सतरावा परत!"

घड्याळबाईंनी खांबावरचं लाल बटण दाबलं. पूर्ण पंजाने, सगळा भार देऊन.

पट्टा कुरकुरत थांबला. गोडाऊनमध्ये इतकी शांतता पसरली, की छतावर चालणाऱ्या कबुतराची नखंसुद्धा वाजली. फोनमधली धाप हळूहळू उतरत गेली. "थांबल्या," सून कुजबुजली. "टेबलावर डोकं ठेवलंय. श्वास चालू आहे."

"कुणी दाबलं बटण?" मॅनेजर धावत आला. "मॅडम? वेड लागलंय का तुम्हाला?"

"सतरावा क्रेट उघडा."

"का पण?"

"उघडा म्हणते ना!"

मुकादमाने उघडला. लहान मुलांच्या दवाखान्याचा माल होता. त्याने एक खोकं काढून स्कॅनर लावला. हिरवा दिवा लागला. दुसरं, हिरवा. तिसरं, हिरवा. मॅनेजरने हात झटकले. मग घड्याळबाई पुढे झाल्या, तिसऱ्या खोक्याची पट्टी फाडली आणि आतलं पाकीट काढून त्यावर बोट ठेवलं. खोक्यावर लिहिलं होतं तेच नाव. तोच रंग, तीच कंपनी. फक्त नावापुढच्या आकड्यावर एक शून्य जास्त होतं. मोठ्या माणसांच्या गोळ्या, दसपट जोराच्या, कारखान्यातच लहानांच्या खोक्यात भरलेल्या. स्कॅनर खोक्यावरच्या रेघाच वाचतो. आत काय आहे ते त्याला कोण सांगणार?

मॅनेजरने पाकीट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. त्याच्या घरी चार महिन्यांची मुलगी होती, हे बाईंना नंतर कळलं.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने खाली बघत विचारलं.

"मला नाही कळलं," घड्याळबाई म्हणाल्या. "मला कधीच कळलं नसतं."

सोमवारी त्या चौकोनावर टेबल आलं. पट्टा उचलून पलीकडच्या भिंतीला लावला. तपासनीस म्हणून माणूस मिळायला महिना लागणार होता, तोवर कोण बसणार, हा प्रश्न मॅनेजरने विचारला तेव्हा घड्याळबाईंनी पर्स टेबलाच्या खणात ठेवली आणि खुर्ची ओढली.

"तुम्ही?" मॅनेजरला हसू की रडू असं झालं. "तुमचं हे काम नाही, मॅडम."

"माहीत आहे. शिकेन."

शिकणं सोपं नव्हतं. पहिल्या क्रेटला साडेचार मिनिटं लागली. बोट एका पाकिटावरून दुसऱ्यावर जाईतो पहिल्याचा आकडा विसरायचा. रांग मागच्या दारापर्यंत गेली. ट्रॉलीवाली मुलगी, जाडगेला गृहस्थ, सगळे मान कलती करून उभे. पण कुणी कुरकुर केली नाही. मुकादम येऊन हळूच म्हणाला, "घाई करू नका, बाई." त्यांना आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. ट्रॉली त्यांनी हाक मारण्याआधीच थांबायची, बरोबर जागेवर. आणि कधी कधी त्यांचं बोट एखादं पाकीट ओलांडून पुढे निघालं, की मनगटाला अगदी हलका अडसर व्हायचा. कुणी शेजारी बसून 'हे राहिलं' म्हणावं तसा. त्या मागे वळून बघत नसत. मागे फिरून ते पाकीट बघत.

सोमवारी संध्याकाळी सुनेचा फोन आला होता. "आज आई तासभरच बसल्या. मग कोट काढून ठेवला आणि चक्क जेवायला मागितलं." मंगळवारी त्या अर्धा तास बसल्या. बुधवारी नुसत्या खुर्चीला हात लावून गेल्या. गुरुवारी दुपारी सुनेने सांगितलं, "मला नावाने हाक मारली हो त्यांनी! तीन वर्षांनी." आणि ती फोनवर रडत राहिली. घड्याळबाई क्रेटचं झाकण धरून ऐकत राहिल्या. रांग थांबली होती, थांबू दिली.

शुक्रवारी सकाळी सातला त्या येऊन बसल्या. पहिल्या चार ट्रॉल्या नेहमीसारख्या थांबल्या. पाचवी चष्मेवाल्याची होती. ती आली, टेबलासमोरून गेली आणि दाराच्या दिशेने निघाली. चष्मेवाला सरळ पुढे बघत चालला होता. मान ताठ, पाऊल मोकळं.

घड्याळबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बोट हवेतच होतं. शेजारची जागा एकाएकी फार मोठी वाटायला लागली, सामान हलवल्यावर खोली वाटते तशी.

त्याच्यानंतर दोन ट्रॉल्या तशाच निघून गेल्या, तेव्हा खणात फोन वाजला. सून होती. ती काय सांगणार हे बाईंना ठाऊक होतं, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. झोपेतच. सव्वासातच्या सुमारास. त्रास काही झाला नाही.

"मी येते," घड्याळबाई म्हणाल्या. "तीनला सुटले की येते."

फोन ठेवून त्या उठल्या. तिन्ही ट्रॉल्या ट्रकच्या दाराशी पोचल्या होत्या, मुकादम पहिला क्रेट उचलायला वाकला होता.

"अहो, थांबा," त्यांनी हाक मारली. आवाज छताखाली घुमला. "ते तिन्ही मागे आणा. मी बघितलेले नाहीत."

चष्मेवाल्याने वळून पाहिलं, टेबल आत्ताच दिसल्यासारखं. "सॉरी हं मॅडम, लक्षातच आलं नाही," म्हणत त्याने ट्रॉली उलटी ओढत आणली. मागून बाकीच्या दोन ट्रॉल्याही आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

घड्याळबाई खुर्चीत बसल्या. क्रेटचं झाकण उघडून त्यांनी पहिल्या पाकिटावर बोट ठेवलं.